ऑर्लँडोच्या सहलीतली दुपार

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की ठाण्यातल्या नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे फोन मला येथे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला येऊ लागतात. विचारणा साधारण एकच असते: थीम पार्कसाठी किती दिवस ठेवावेत आणि हॉटेल कोणते घ्यावे. त्यामागोमाग घरातला वादही कानावर येतो. एक बाजू म्हणते की हॉटेल केवळ रात्री पाठ टेकण्यापुरते असते, दुपारी झोपाच काढायच्या तर घोडबंदर रोडवरचे घर काय वाईट होते? दुसरी बाजू, बहुधा नोकरी करणारी सून किंवा मुलगी, म्हणते की वर्षभर पहाटे उठून डबे करायचे, लोकल पकडायची आणि सुटीतही सहाचाच गजर लावायचा असेल, तर ती सुटी कसली? गेल्या वेळी ठाण्यात असताना पाचपाखाडीतल्या एका घरी जेवणानंतर हात वाळेपर्यंत हा वाद मी ऐकला. दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. माझे मत असे आहे की पार्कचे दिवस कमी घ्यावेत आणि घेतलेल्या दिवसांतली दुपार शक्य तेथे हॉटेलसाठी राखून ठेवावी. हे मत पैशांची काळजी करणाऱ्यांनाही पटावे असे मला मनापासून वाटते.

पैसे वसूल करण्याच्या आग्रहाला येथे राहणारे आमच्यासारखे लोक कधीकधी हसतात, ते मला योग्य वाटत नाही. व्हिसाच्या मुलाखतीसाठी बीकेसीला खेटे घालायचे, घरातल्या सगळ्यांच्या विमान तिकिटांची जुळवाजुळव करायची, दोघांच्याही रजा आणि मुलांची सुटी एकाच पंधरवड्यात बसवायची, आणि एवढे करून ही सहल बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला आयुष्यात एकदाच येणार. डिस्नेच्या एका दिवसाच्या तिकिटाला तारखेनुसार साधारण १२० ते २०० डॉलर पडतात, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाचा केवळ आत जाण्याचा एका दिवसाचा खर्च सहज ५० हजार रुपयांच्या पुढे जातो. मी येथे राहते, त्यामुळे दोन तास फिरून कंटाळा आला तर घरी परतू शकते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ शकते. ठाण्याहून आलेल्या माणसाला ती सोय नाही. त्याने दुपारी एक वाजता पार्कच्या दारातून बाहेर पडायचे म्हणजे त्याच्या जिवावर येणार, हे ध्यानात ठेवूनच त्याला सल्ला द्यायला हवा.

परंतु दिवसभर पार्क सोडायचा नाही ही आपली सवय कुठून आली, हेही पाहिले पाहिजे. आमच्या पिढीचे पहिले थीम पार्क म्हणजे १९८९ साली गोराईला सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड. खाडी ओलांडणारी बोट, एकच तिकीट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमतील तितक्या राइड, आणि रात्री अंगाची मोळी होऊन घरी. ठाणेकरांना त्याहून जवळचे म्हणजे घोडबंदर रोडचे सूरज वॉटर पार्क आणि मानपाड्याची टिकुजिनी वाडी. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले, तेव्हा भव्यता वाढली, पण तिथेही बहुतेक कुटुंबे सकाळी एक्सप्रेसवेने जातात आणि रात्री परततात. या सर्व सहली एका दिवसाच्या असतात. दुसऱ्या दिवशी उशिरा उठायला आपले घर असते, आयता वरणभात असतो, आणि थकवा तिथेच जिरतो. ऑर्लँडोला दुसऱ्या दिवशी पुन्हा पार्क असतो आणि तिसऱ्या दिवशीही. एका दिवसाच्या सहलीचा वेग सलग चार-पाच दिवस टिकेल असे गृहीत धरले जाते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक कुटुंबांचे बिनसते ते इथेच. टूर कंपन्यांचे सहा-सात-आठ, म्हणजे सहाला उठणे, सातला नाश्ता आणि आठला बस, हे गणितही आपल्या अंगवळणी पडले आहे. युरोपात रोज नवे शहर पाहायचे असेल तर त्याला काही अर्थ आहे, कारण बसमध्ये निदान बसायला आणि डुलकी काढायला मिळते. थीम पार्कमध्ये बस नसते.

तिथे असते ती चाल. १९७१ साली उघडलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा एकूण विस्तार सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे येऊरच्या डोंगरापासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाएवढा. त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम असे चार पार्क आहेत, शिवाय दोन वॉटर पार्क. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचे पार्क वेगळे, आणि त्यांत मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्सची भर पडली. ‘सगळे पाहून टाकू’ असे म्हणण्यासारखी ही जागाच राहिलेली नाही. एका पार्कात एका दिवसात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते, आणि रांगेत उभे राहणे त्याखेरीज.

ठाण्याहून आलेल्यांचे एक उत्तर ठरलेले असते, की आम्हाला उन्हाची सवय आहे. ती आहेच, पण ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी बारा ते चार या वेळात कोणी आजीला घेऊन राममारुती रोडला चकरा मारत नाही. आपल्याकडे ऊन टाळण्याची जी शिस्त आहे, ती इथे आल्यावर नेमकी विसरली जाते. त्यात घड्याळाची अडचण. उन्हाळ्यात ऑर्लँडो भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे येथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा ठाण्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. पहिले तीन-चार दिवस शरीर ठाण्याच्याच वेळेने चालते. सहलीचे सर्वांत महागडे तास अशा रीतीने अर्धवट झोपेत जातात.

मॅजिक किंगडममध्ये दुपारी दीड-दोनच्या सुमारास मी हे अनेकदा पाहिले आहे. एका झाडाच्या विरळ सावलीतल्या बाकावर एक आजी बसलेली असते, सलवार-कमीज आणि पायांत नातवाने निवडून दिलेले नवे बूट. मांडीवर तीन पाठपिशव्या, शेजारी पाण्याच्या बाटल्या, समोर बाबागाडीत मान कलंडून झोपलेले नातवंड. घरातले बाकीचे ऐंशी मिनिटांच्या रांगेत उभे असतात आणि आजी सामान सांभाळत असते. तिच्याही तिकिटाचे पूर्ण पैसे भरलेले असतात. पैसे वसूल करायचे म्हणताना तिचे पैसे कोणत्या खात्यात धरायचे, हे कोणी मला सांगावे.

खरे तर वसुलीचा हिशेब मांडला तरी तो दुपारच्या विश्रांतीच्याच बाजूने जातो. पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन-अडीच तास रांगा सर्वांत लहान असतात, आणि डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरलेल्यांना तर रोज अर्धा तास आधी आत सोडतात. सकाळच्या त्या वेळात जेवढ्या राइड होतात, तेवढ्या बारा ते चार या जवळजवळ दुपटीच्या वेळात होत नाहीत. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत फ्लोरिडात जवळजवळ रोज दुपारी ढग भरून येतात, कारण दोन्ही किनाऱ्यांवरून आत शिरणारे सागरी वारे मध्यभागी येऊन भिडतात. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड बंद केल्या जातात. म्हणजे दुपारी पार्क सोडणारा माणूस जे गमावतो, त्यातला मोठा भाग लांब रांगा आणि पावसाचाच असतो. त्याच तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत येता येते, त्यामुळे पाचला परतून रात्रीची आतषबाजी ताज्या डोळ्यांनी पाहता येते. एक मात्र आधीच सांगून ठेवते. विजा होत असतील तर हॉटेलचा स्विमिंग पूलही बंद असतो. त्यामुळे मुलांना पूलचे वचन दुपारचे न देता पार्क नसलेल्या दिवसाच्या सकाळचे द्यावे, आणि दुपारी खोलीत पडदे ओढून सरळ झोपावे.

येथे कोणी असे समजू नये की अमेरिकन कुटुंबे हे सारे शहाणपणाने करतात. या देशात पगारी रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदाच नाही, त्यामुळे मोजक्या रजेत सर्व काही उरकण्याची घाई त्यांनाही आपल्याइतकीच असते. पहाटे पार्कच्या दाराशी उभे राहायचे आणि आतषबाजी संपल्यावरच निघायचे, यात अनेकांना अभिमान वाटतो, आणि दुपारी तीन वाजता बाबागाडीशेजारी एकमेकांवर चिडणारे आईबाप मला सर्व भाषांत दिसतात. ठाण्यातल्या वादात ‘तिकडचे लोक कसे निवांत असतात’ असा जो दाखला दिला जातो, तो निदान ऑर्लँडोपुरता तरी खरा नाही.

हॉटेलची निवड या प्रश्नाशी घट्ट बांधलेली आहे, आणि इथे सर्वसाधारण सल्ला उपयोगी पडत नाही. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने आलेल्या माणसाला वाहनतळापासून दारापर्यंत पोहोचण्यासाठी मोनोरेल किंवा बोटीने तळे ओलांडावे लागते, म्हणून बाहेरच्या हॉटेलातून दुपारी जाऊन परत यायचे तर दीड-दोन तास वाटेतच जातात. एपकॉटचा वाहनतळ दारापाशीच आहे, तिथे हे सोपे जाते. अ‍ॅनिमल किंगडम बहुतेक दिवशी इतरांपेक्षा लवकर बंद होते, तेव्हा सकाळ तिथे घालवून उरलेला पूर्ण दिवस हॉटेलवर काढण्यात काहीच नुकसान नाही. मोनोरेलवरच्या महागड्या हॉटेलांचे जास्तीचे पैसे तुम्ही दुपारी खरोखर परतणार असाल तरच द्यावेत. रात्री अकराला येऊन सकाळी सातला निघणाऱ्याने ते का द्यावेत, मला समजत नाही. बाहेर राहणाऱ्यांनी मॅजिक किंगडमच्या दिवशी दुपारची विश्रांती आतच शोधावी. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातून आलेला खेळ वीस मिनिटे थंडगार सभागृहात बसून पाहता येतो, आणि घरातल्या ज्येष्ठांना तो मनापासून आवडतो असा माझा अनुभव आहे.

आपल्या लोकांचा ओढा मात्र अलीकडे हॉटेलपेक्षा ऑर्लँडोलगतच्या किसिमीच्या बाजूला भाड्याने मिळणाऱ्या घरांकडे अधिक आहे. दोन कुटुंबे मिळून मोठे घर घेतात, स्वस्तही पडते, आणि स्वयंपाकघर असते. याच स्वयंपाकघराविषयी मला काळजी वाटते. ठाण्याहून निघताना बॅगेत छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी येते, आणि पार्कवरून परतल्यावर पुरुष आणि मुले सोफ्यावर बसतात व घरातली बाई कुकर लावते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की भाड्याचे घर म्हणजे विश्रांती, असे मला म्हणवत नाही. मुगाच्या खिचडीवाचून ज्यांचे चालत नाही त्यांची गरज खरी आहे, मधुमेहाचे पथ्यही असते, परंतु मग ती खिचडी कोणी करायची हे ठाण्यातच ठरवून निघावे. येथे भारतीय उपाहारगृहे आहेत, आणि डिस्नेच्या पार्कमध्ये स्वतःचा डबा न्यायलाही परवानगी आहे. हॉटेलचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण हा, की तिथे कोणाला ‘चहा टाक गं’ म्हणता येत नाही.

व्हीलचेअरचा विषय नाजूक आहे. पार्कच्या दाराशी ती भाड्याने मिळते, आणि दिवसभराची चाल ज्यांना झेपणार नाही अशा अनेक अमेरिकन आजी-आजोबांना ती घेण्यात काही वावगे वाटत नाही. आपल्याकडच्या मावशी मात्र म्हणतात, “अगं, तलावपाळीला रोज फेरी मारते मी, मला कशाला खुर्ची?” तलावपाळीची फेरी आणि इथला दिवस यांत किती अंतर आहे, हे त्यांना आधी फोनवर शांतपणे सांगायला हवे, पार्कच्या दारात सर्वांसमोर सांगितले तर त्यांचा मान दुखावतो आणि त्या हट्टाने चालत राहतात.

याच्या उलट टोकही मला मान्य नाही. कर्जतच्या किंवा अलिबागच्या रिसॉर्टवर दोन दिवस बाहेर न पडता लोळण्याची जी नवी पद्धत आली आहे, ती तिथे शोभते. दहा वर्षांच्या मुलाला सिंड्रेलाचा किल्ला दाखवायला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणायचे आणि ‘आज सगळे आराम करू’ म्हणत त्याला तिसऱ्यांदा पूलवर सोडायचे, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. त्याने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलेले असते. मुलांची ही उत्कंठा आणि मोठ्यांचा थकवा यांपैकी कोणतीही गोष्ट खोटी नाही, म्हणून मी मुलांची सकाळ आणि रात्र राखून मधली दुपार मोठ्यांना देते.

तिकिटांचे दर असे ठेवलेले असतात की दिवस वाढवावा तसा प्रत्येक दिवसाचा सरासरी भाव उतरतो. ठाण्यात बसून संगणकावर तिकिटे काढताना पाचवा दिवस जवळजवळ फुकट वाटतो आणि हात आपोआप पाचावर जातो. त्या पाचव्या दिवशी जेवणखाण, वाहनतळ आणि पायांचे हाल यांचे मोल मात्र पूर्ण द्यावे लागते. आठवडाभरासाठी येणाऱ्यांना मी तीन किंवा चार दिवसच घ्यायला सांगते, त्यांपैकी दोनानंतर एक दिवस पूर्ण मोकळा, आणि विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी कोणतेही तिकीट नाही. मुंबईला पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आणि बऱ्याच जणांना उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी कामावर रुजू व्हायचे असते.

टूर कंपन्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. मराठी कुटुंबांना परदेशी नेण्याचे मोठे काम त्यांनी केले आहे, आणि ज्येष्ठांना एकट्याने जे जमले नसते ते त्यांच्यामुळे जमले. आता ऑर्लँडोच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी एक वाजता हॉटेलवर परतणारी एक बस आणि पाच वाजता पुन्हा पार्कला नेणारी एक बस एवढी भर त्यांनी घालावी. ज्यांना थांबायचे असेल ते थांबतील. दिवाळीच्या सुटीसाठी आगाऊ नोंदणी करणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी या बसची चौकशी करावी. पुरेशा लोकांनी विचारले तर ती सुरू होईल असे मला वाटते.