यंदा भरतोयस का?

ऑगस्ट उजाडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. कँटीनचं छत पुन्हा गळायला लागतं, आणि कुणीतरी कानाशी येऊन हळूच विचारतं, "यंदा भरतोयस का?" काय भरायचं ते सांगावं लागत नाही. इन्कम टॅक्स जुलैत भरून झालेला असतो. उरतो तो कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म.

२०२४ हे माझं तिसरं वर्ष. परीक्षेचं नव्हे हं, परीक्षा मी एकदाही दिलेली नव्हती. फॉर्म भरावा की नाही, या प्रश्नाचं तिसरं वर्ष. पहिल्या खेपेला नोकरीचा अनुभव कमी होता म्हणून थांबलो. दुसऱ्या खेपेला अनुभव जरा जास्तच झाला असं वाटून थांबलो. योग्य तेवढा अनुभव बहुधा मधल्या मार्चमध्ये कधीतरी होऊन गेला असावा, पण मार्चमध्ये फॉर्म निघत नाहीत.

माझं शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची. यंत्र म्हणून मी हात लावतो तो फक्त कॉफीच्या मशीनला. कॅटवाल्यांच्या बोलीत माझ्यासारख्याला 'जेम' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं. जेम म्हणजे रत्न. मग कळलं की ती आद्याक्षरं आहेत: जनरल, इंजिनिअर, मेल. या रत्नाची खाण एवढी अफाट आहे की काही आयआयएम निवडीच्या वेळी मुलींना आणि बिगर-इंजिनिअरांना थोडे जादा गुण देतात, वर्गात दुसरं कुणीतरीही दिसावं म्हणून. शिवाय दहावी-बारावीचे गुणही बघतात. दहावीला मला ८२ टक्के होते आणि आईनं दोन किलो पेढे वाटले होते. दहा वर्षांनी कुणी त्या पेढ्यांचा हिशेब मागेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

बाबांना पर्सेंटाइल समजावण्यात माझे दोन रविवार गेले.

"नव्वद पडले तरी चालत नाही? अरे, नव्वद!"

"बाबा, ते टक्के नाहीत. गेल्या वर्षी २ लाख ८८ हजार जण बसले होते. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे जवळजवळ एकोणतीस हजार माणसं माझ्या पुढे."

बाबांनी डोळे मिटून ती माणसं उभी केली असावीत. "म्हणजे आपल्या गावची अख्खी जत्रा," ते म्हणाले, "आणि तू पालखीच्या मागं."

सल्ल्यांना तोटा नव्हता. बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांचा निरोप आला की कॅट कशाला, आपली राज्याची एमबीएची सीईटी द्यावी, २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, बिनधास्त टिचक्या मारत सुटायचं. क्लासची एक बाई तर रोज दुपारी फोन करायची. "सर, शेवटच्या चार सीट्स राहिल्यात." दोन आठवडे त्या चारच होत्या. आमच्या गल्लीतल्या साडीच्या दुकानावर 'स्टॉक क्लिअरन्स, शेवटचे तीन दिवस' ही पाटी मी शाळेत असल्यापासून बघतोय, त्यामुळे मी धीर धरला.

पैशांचा प्रश्न नव्हता. फॉर्मची फी तेव्हा २५०० रुपये होती. जिमला मी दर महिन्याला साधारण तेवढेच भरतो आणि तिथंही जात नाही. प्रवेश मिळाला तर जुन्या नामवंत आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे जाते, त्या आकड्याची मात्र मी रात्र रात्र काळजी केली. मुलगी बघायला जायच्या आधीच नातवंडांच्या शाळेच्या डोनेशनची चिंता.

शेवटी ठरवलं, एक फुकटची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, द्यावी आणि आपली लायकी काय ते एकदाचं बघावं. एका रात्री जेवणं आटोपल्यावर बसलो. दोन तासांचा मामला, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग, आणि एका भागाची वेळ संपल्याशिवाय पुढच्यात पाऊल टाकता येत नाही. पहिला भाग इंग्रजीचा. त्यातला उतारा कोळ्याच्या जाळ्यापासून निघाला आणि वसाहतवादापाशी जाऊन थांबला. मधे कुठल्या चौकात वळला ते मला दिसलं नाही. खाली प्रश्न: लेखक पुढीलपैकी कोणत्या विधानाशी असहमत असेल? चार वर्षांत मी ऑफिसात कुणाशीही असहमत झालेलो नाही, माझं अप्रेझल त्यावरच चालतं. मला चारही विधानं पटली.

दुसरा भाग डीआयएलआर, म्हणजे तक्ते आणि कोडी. चार सेट, २० प्रश्न. मुरलेली मंडळी सांगतात की इथं सोडवता येण्यापेक्षा सोडून देता येणं महत्त्वाचं. चारही सेटांवरून नजर फिरवायची, दोन निवडायचे, दोन टाकायचे, आणि हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत. आता सांगा, जो माणूस फॉर्म भरायचा की नाही हे तीन वर्षांत ठरवू शकत नाही, त्याला ही मंडळी पाच मिनिटं देतात! पहिला सेट वाचला, बरा वाटला. पण दुसरा त्याहून बरा निघाला तर? दुसरा वाचला. तिसऱ्यात आठ मित्र गोल टेबलाभोवती बसले होते आणि एकमेकांच्या शेजारी बसायचं नाही अशी त्यांची आपापसांत भांडणं होती. असल्या माणसांनी मुळात एकत्र जेवायला का जावं, हा माझा जुना प्रश्न आहे.

रफ कामाला आईनं गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं दिली होती. जूनच्या पाठीवर मी गोल टेबल काढलं. पुढच्या बाजूला आईनं जेलपेननं मांडलेला दुधाचा हिशेब कागदातून आरपार उमटला होता, त्यामुळे बी आणि एफ यांच्या मधोमध अर्धा लिटर म्हैस बसली होती. मी तिलाही एक खुर्ची धरली आणि नऊ जण झाले. घोटाळा लक्षात येईपर्यंत घड्याळात सहा मिनिटं राहिली होती आणि मी पुन्हा पहिल्या सेटवर आलो होतो.

गणितात नळ आणि टाकी आली. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नऊ तासांत रिकामी करतो. आमच्या सोसायटीत टँकर येतो, तेव्हा या प्रश्नाशी माझं नातं केवळ गणिताचं नाही.

निकाल ७१ पर्सेंटाइल. मी घरी बोललो नाही. बाबांनी फर्स्ट क्लास म्हणून पेढे आणले असते.

आणि इथं मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. मॉक देईपर्यंत मी सुखात होतो. ऑफिसात कुणी आयआयएमला गेलं की मी खांदे उडवून म्हणायचो, "मनावर घेतलं असतं तर आपणही..." आणि ऐकणारे मान डोलवायचे. ते वाक्य ही माझी ठेव होती. परीक्षा दिली की ठेव मोडली. हे सगळं मला इतक्या स्वच्छ शब्दांत एरवी सुचलं नसतं. सुचलं ते काकांमुळे.

त्या वर्षी गौरीपूजन ११ सप्टेंबरला होतं. फॉर्मची शेवटची तारीख १३. पंगतीला नेहमीची मंडळी होती. आई एक डोळा वाढण्यावर आणि एक कान फोनवर ठेवून होती, कारण माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला कार्यालय मिळेना आणि कोल्हापूरहून मामीचे दर तासाला फोन. "दिवाळीनंतरच्या सगळ्या तारखा गेल्या गं!" पुरणपोळी पानात पडली आणि काकांनी, दर गौरीला करतात तसा, माझ्याकडे मोर्चा वळवला.

"कॅट ना? मी दिलीय. २००३."

तेव्हा परीक्षा कागदावर असायची, कॉम्प्युटरवर आली ती २००९ पासून. काकांनी २३ नोव्हेंबर २००३ ला पेन्सिलीनं गोल काळे केले, घरी आले, आणि बातमी आली की पेपर फुटला. परीक्षा रद्द. १५ फेब्रुवारी २००४ ला ती पुन्हा झाली, पण तोवर काकांना विमा कंपनीत नोकरी लागली होती. ते गेलेच नाहीत.

"पहिला पेपर मला असा काही गेला होता," काका म्हणाले आणि पोळीचा तुकडा हवेत धरला, "असा काही गेला होता, की विचारू नकोस."

इथं काकूनं, मान वर न करता, कटाच्या आमटीची वाटी त्यांच्या हाताखाली सरकवली. तुकडा खाली आला तो बरोब्बर वाटीत. मी गेली कित्येक वर्षं ही गोष्ट ऐकत होतो, पण वाटीकडे माझं लक्ष पहिल्यांदाच गेलं. 'विचारू नकोस' आलं की आमटी. एकवीस वर्षांची तालीम होती ती.

"तपासलाच नाही रे त्यांनी," काका आमटी भुरकत म्हणाले.

तपासला नाही म्हणून तर तो एवढा छान गेला होता. उत्तम माणूस आहे हा, वेळेवर हप्ते भरतो, अडल्यानडल्याला धावतो. पण त्या न तपासलेल्या पेपरवर त्याचं आजवर व्याज चालू आहे. समोरच्या ताटाकडे बघत मी हिशेब केला. अजून एकवीस वर्षांनी मी सत्तेचाळिशीचा असेन, पुतण्या समोर बसलेला असेल, आणि माझ्याकडे तर न तपासलेला पेपरही नसेल. "मी फॉर्म भरणार होतो, असा काही भरणार होतो..." याला आमटी कोण वाढणार?

एवढी उपरती होऊनही मी १३ तारखेला फॉर्म भरला नाही, हे कबूल करतो. सायंकाळी पाचला मुदत संपणार होती. चारपासून मी एका बगच्या मागे लागलो, जो बग खरं म्हणजे सोमवारीही पळून गेला नसता. पाच वाजले. काय सांगू, अंगावरचं ओझं उतरलं! आपण काही ठरवलं नाही, वेळेनंच ठरवलं. ऑफिसातून निघून मिसळ खाल्ली, वर जादा पाव घेतला. दुसऱ्या पावाला मित्राचा मेसेज: 'मुदत वाढली. २० सप्टेंबर.'

तो पाव मला अजून आठवतो.

अनंत चतुर्दशी १७ ला झाली, दुसऱ्या दिवसापासून पक्ष. शुक्रवारी, २० तारखेला, मी घरून काम घेतलं होतं. लॅपटॉप डायनिंग टेबलावर, पलीकडे आजी वाल सोलत बसलेली. आता खरं कारण मिळालं होतं, आणि मी ते मोठ्या आवाजात बोलून दाखवलं.

"पितृपक्ष आहे, आजी. पक्षात नवीन काम सुरू करू नये ना?"

आजीनं एक वाल दोन बोटांत दाबला. तो सालातून टुणकन उडून स्पेसबारवर पडला.

"नवीन काम करू नये," ती म्हणाली. "तुझं नवीन कुठंय? तीन वर्षं तेच चाललंय. वाल दे तो इकडे."

धर्मशास्त्राचा एवढा नेमका निवाडा मी ऐकलेला नाही. मी वाल दिला आणि फॉर्म उघडला.

फॉर्म भरताना माणूस स्वतःला फार जवळून भेटतो. फोटो पासपोर्टचा चढवला, त्यात मी कुणालातरी पळवून नेल्यासारखा दिसतो. नोकरीचा अनुभव महिन्यांत मागितला होता. वर्षांत विचारला असता तर 'चार' टाकून मोकळा झालो असतो. महिने मोजले तर ४९ निघाले. एकोणपन्नास महिने मी एका स्क्रीनवरची बटणं दाबून ती दबतात का ते बघतोय! परीक्षेची शहरं पाच निवडायची होती: पुणे, मुंबई, नाशिक, सातारा, आणि पाचवं सुचेना म्हणून कोल्हापूर. परीक्षा २४ नोव्हेंबरला, एकाच दिवशी तीन सत्रांत, सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेचार. आपल्या वाट्याला कुठलं येणार ते नंतर कळतं. ही एक गोष्ट मला ठरवायची नव्हती, आणि मी परीक्षा घेणाऱ्यांना मनापासून दुवा दिला.

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी २५०० रुपये गेले. ओटीपी टाकताना हात जरा थरथरला, आजीनं वालाचं पातेलं बाजूला घेतलं. 'पेमेंट यशस्वी' अशा अर्थाचा मेसेज आला. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "शाब्बास. आता अभ्यास करायचा की नाही ते ठरव."

तेवढ्यात आतून आई आली, फोन कानाला, चेहरा उजळलेला.

"मिळालं एकदाचं कार्यालय! कोल्हापुरातच. कुणाचीतरी रद्द झालेली तारीख आहे, बोलणी पक्ष सरल्यावर करू, पण धरून ठेवलंय." मग आजीकडे वळून, "धरून ठेवायला हरकत नाही ना, आई?"

"धरणं म्हणजे ठरवणं नव्हे," आजी म्हणाली. आज ती फॉर्मात होती.

"कितीला?" बाबांनी विचारलं.

"२४ नोव्हेंबर. रविवार आलाय, कुणाला रजासुद्धा काढायला नको."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. पाचवं शहर कोल्हापूर.

"मामी, मुहूर्त कधीचा आहे?" मी फोनपाशी तोंड नेऊन विचारलं.

"दुपारचा रे," पलीकडून मामी म्हणाली. "साडेबारा."