“फाशी लावा, महिन्यात पुणे साफ” म्हणे!

सगळ्यांच्या फोनवर फिरतोय तो मेसेज : ड्रग्जवाले आणि कोयत्याने हल्ले करणारे कोयतेवाले चार दिवसांत जामिनावर सुटतात, कायदे मिळमिळीत आहेत, सिंगापूरसारखी थेट फाशी लावा. राग समजतो हो, पण बाकीचं?

“चार दिवसांत जामीन.” अहो, एमडी (म्हणजे मेफेड्रोन हे ड्रग) ५० ग्रॅमच्या वर सापडलं की ती कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे कायद्याने मोठा साठा, शिक्षा १० ते २० वर्षं, आणि एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम ३७ असं की आरोपी दोषी नसावा आणि बाहेर येऊन परत तेच करणार नाही असं कोर्टाला पटलं तरच जामीन. पटापट सुटतो तो ग्रॅम-दोन ग्रॅमवाला.

“फाशीच नाही.” आहे की! काही ड्रग्जच्या मोठ्या साठ्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला तर १९८९ पासून फाशी आहे, आधी तर सक्तीची होती, २०११ ला मुंबई हायकोर्टाने सक्ती चालणार नाही म्हटलं आणि २०१४ ला कायद्यातच ती ऐच्छिक झाली. आणि एमडी? ते २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं, तोवर त्याला हा कायदाच लागू नव्हता! सिंगापूरचं म्हणाल तर तिथे फाशी असूनही दरवर्षी हजारो लोक पकडले जातातच.

आता खरं दुखणं. ललित पाटील आठवतोय ना? चाकणच्या एमडी केसमध्ये २०२० ला पकडलेला, येरवड्यातून उपचाराच्या नावाखाली ससूनमध्ये मुक्काम, आणि २ ऑक्टोबर २०२३ ला तिथून पसार. आत टाकलेला माणूस आत ठेवता आला नाही, यात शिक्षा कमी पडली कुठे? २०२४ ला कुरकुंभ एमआयडीसीत एमडीची फॅक्टरीच सापडली, शेकडो किलो माल, म्हणजे केमिकल येत होतं, गाड्या जात होत्या आणि तोवर कुणाला पत्ताच नाही?? त्यात झडती नियमाने घेतली नाही, सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढलं नाही, की केस कोर्टात लटपटते, मग कागदावर २० वर्षं लिहा नाहीतर फाशी.

कोयत्याच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्यांना एक मुद्दा देतो. कोयता चालवणारी पोरं बऱ्याचदा अल्पवयीन असतात, आणि १६ ते १८ च्या पोरावर मोठ्यांसारखा खटला चालायला त्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा लागते, आणि खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षाच नाही, त्यामुळे वार करून माणूस वाचला तर केस बाल न्याय मंडळाकडेच राहते. यावर बोला ना, बोलायलाच हवं. पण फाशी? अल्पवयीनाला ती बाल न्याय कायद्याच्या कलम २१ प्रमाणे देताच येत नाही, अगदी खून केला असला तरी.