शूऽऽ, आता ऐका!

मला फक्त काही मिनिटं गप्प बसायचं होतं. 'इंटरस्टेलर' पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला म्हणून गेलो. पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून तहान आवरली, रडायचं तिथे रडलो, आणि शेवटी नावं वर सरकायला लागली तसा खुर्चीत जरा खाली सरकून डोळे मिटले. हान्स झिमरचं संगीत निवांत ऐकायचं तर ते नावांच्या वेळीच. तोवर मध्ये सारखी माणसं बोलत असतात.

"झालं ना?" बायको म्हणाली.

"नावं चाललीयत अजून."

"तुझं आहे का त्यात?"

या प्रश्नाला लग्न झाल्यापासून माझ्याकडे उत्तर नाही. पार्किंगचा पुढचा तास सुरू व्हायच्या आत निघायचं, असं घरून ठरवून आलो होतो. ती पावती नाचवत खाली गेली. पुढच्या रांगेतल्या एका पोराने मान वळवून विचारलं, "काका, शेवटी सीन आहे का एखादा?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही का बसलाय?" आणि पॉपकॉर्नचा डबा तिथेच ठेवून निघून गेला. त्याचं 'काका' मी सोडून दिलं. सगळ्याच गोष्टी मनाला लावून घ्यायच्या म्हटल्या तर पुण्यात राहता येत नाही.

"वा! चला, एक तरी रसिक निघाला," मागून आवाज आला.

सत्तरीचे गृहस्थ, म्हणजे खरे काका. हाफ स्वेटर, कानटोपी घडी करून खिशात, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत हा नियम फक्त शिजवलेल्या पदार्थांना लागू आहे, हे त्यांनी म्हणे दारावरच्या माणसाला पटवून दिलं होतं. ते उठले, पायऱ्या उतरून आमच्या रांगेत आले, बायकोच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि मेथी माझ्या बाजूला ठेवली.

"चेलो ऐका. काय खर्जात लावलाय!"

तो चेलो नव्हता. तो पाइप ऑर्गन होता, लंडनच्या टेंपल चर्चमधला. वाजवणाऱ्याचं नाव रॉजर सेयर, आणि ते पडद्यावर वाचायलाच तर मी बसलो होतो. म्हटलं, "नाही, तो ऑर्ग..."

"शूऽऽ! आता ऐका. आता येतंय." काकांनी तर्जनी वर केली. मी ऐकू लागलो. बोट खाली यायच्या आत ते पुन्हा सुरू झाले. "तुम्हाला सांगतो, हा झिमर म्हणजे सगळा कॉम्प्युटर. खरा माणूस विल्यम्स. 1977 साली 'स्टार वॉर्स'ला आख्खा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला त्याने. आख्खा!"

मी मान डोलावली. विल्यम्स मलाही आवडतो.

"पण तोही कुठला? होल्स्ट, तो जुना इंग्रज संगीतकार. 'मार्स' ऐकलंय? ऐका एकदा. सगळं तिथलंच आहे."

"आणि होल्स्टने..."

"होल्स्टनेही कुठून तरी घेतलंच असणार," काका उदारपणे म्हणाले. पाश्चात्त्य संगीताचा निकाल लागला. त्या गडबडीत ऑर्गनचा एक मोठा चढ येऊन गेला. तो मी काकांच्या खोकल्यासकट ऐकला.

आता पार्श्वसंगीताच्या रसिकांची एक गंमत सांगतो. गंमत म्हणायची, खरं तर छळ आहे. शास्त्रीय गाण्याचा श्रोता निदान तान चालू असताना "क्या बात है" एवढ्यावर भागवतो. घराण्यांची भांडणं मध्यंतरात, बटाटेवड्याबरोबर. पार्श्वसंगीतवाल्याला मध्यंतर लागत नाही. मुळात हे संगीत कुणीतरी बोलत असताना मागे वाजण्यासाठीच असतं, त्यामुळे आपणही बोललो तर बिघडत नाही असा त्याचा समज असावा. आणि त्याचं प्रत्येक मत हे कुणाला तरी खाली बसवण्यासाठी असतं. विल्यम्स आवडतो म्हणजे झिमर टाकाऊ. इटलीचा एनियो मोरिकोने आवडतो म्हणजे विल्यम्स बँडवाला. हिचकॉकच्या सिनेमांचा संगीतकार हरमन आवडणारे तर बाकी कुणाशी बोलतच नाहीत. (मला हरमन आवडतो. हिचकॉक म्हणत होता, 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीतच नको. हरमनने तरीही लिहिलं, नुसत्या तंतुवाद्यांवर, आणि मग हिचकॉकच गप्प झाला. इतक्या नेमक्या पद्धतीने कुणाला तरी गप्प करता यावं, ही माझी जुनी इच्छा आहे.)

"आपल्याकडे सलीलदांनी, सलील चौधरींनी, 1961 साली मोझार्ट उचलला," काका सांगत होते. "चाळिसावी सिंफनी. 'छाया'. तलत आणि लता."

"मग तेही उचलणंच झालं की," मी संधी साधली.

"छे! ते उचलणं वेगळं."

"वेगळं कसं?"

"ते गोड आहे."

या तर्कापुढे काय बोलणार? तरी माझ्याकडे एक मुद्दा होता. एकच. काका मघापासून पडद्याकडे हात करून म्हणत होते, "ऐका, ही पोकळी आहे. अंतराळ! हे स्वर पृथ्वीवरचे नव्हेतच." आणि मला माहीत होतं की दिग्दर्शक नोलनने झिमरला सिनेमा कशावर आहे हे सांगितलंच नव्हतं. एक पानभर मजकूर दिला होता, एक बाप आणि त्याचं मूल यांच्याबद्दलचा, आणि म्हणाला, यावर काय सुचतं ते लिही. झिमरने लिहिलं ते बापाबद्दल. रॉकेट वगैरे त्याला नंतर कळलं. म्हणजे काकांना जी पोकळी ऐकू येत होती ती सुरुवातीला कुणीच घातलेली नव्हती. हा मुद्दा मी मनात नीट जुळवला, योग्य जागा पाहिली आणि तोंड उघडलं.

"शूऽऽ! आता ऐका."

एव्हाना झाडूवाली दोन पोरं आत आली होती. त्यातला एक पॉपकॉर्नचे डबे गोळा करत आमच्या रांगेच्या टोकाशी थांबला. "राहू द्या, बसा," तो म्हणाला. "अजून तीनेक मिनिटं आहे हे पींऽपीं. तोवर आम्ही वरच्या रांगा मारतो." रोज सगळे शो ऐकून त्याला कुठे काय वाजतं हे पाठ होतं, आणि त्याला ते मुळीच आवडत नव्हतं. त्या अंधारात मत कमीत कमी शब्दांत मांडणारा तो एकटाच.

पण तीन मिनिटं मिळाली नाहीत. दारातून कुणीतरी शिट्टी मारली, भक्कन सगळे दिवे लागले आणि पाठोपाठ आवाज बंद. नावं मात्र तशीच वर चाललेली, मुक्याने. नेमके वादक यायचे होते का येऊन गेले होते, देव जाणे.

इथे मला खरा राग आला, तो अजून आहे. घरी टीव्हीवर पाहावं तर नावं सुरू होताच पडदा तिकिटाएवढा होतो आणि कोपऱ्यात पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू. थेटरात पाहावं तर झाडू. आधीच आपल्याकडे वाजवणाऱ्याचं नाव पडद्यावर यायची सवय नाही. शंकर-जयकिशनच्या टायटल्समध्ये साहाय्यक म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन यायचे तेच नशीब. त्या सेबॅस्टियनने बसवलेल्या व्हायोलिनच्या रांगांमध्ये कोण कोण होतं, ते कुठल्या पाटीवर आलं? 'शोले'तला माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवला. अर्ध्या भारताला अजून वाटतं, अमिताभनेच वाजवला. गोव्याहून, कोकणातून ही माणसं मुंबईला आली, ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये आणि अशाच ठिकाणी दाटीवाटीने बसून त्यांनी आपली गाणी वाजवली, आणि एक दिवस सिंथेसायझर आला. पन्नास जणांचं काम एका माणसाच्या दोन हातांत गेलं. 'सैराट'साठी सिंफनी ऑर्केस्ट्रा हवा होता तेव्हा अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले. त्यांनी उत्तमच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या शहरात एके काळी रोज सकाळी व्हायोलिनवाल्यांची झुंबड असायची, तिथून तंतुवाद्यं ऐकायला विमानाने जावं लागतं, हे माझ्या काही घशाखाली उतरत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं असतं. काका माझ्याआधी सांगत होते.

"अँथनी गोन्साल्विस," सरकत्या जिन्यावर ते म्हणाले. "गाण्यातला नव्हे, खरा. गोव्यातल्या माजोर्ड्याचा. प्यारेलालचा गुरू. 1958 साली मुंबईत त्याने इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला! लता आणि मन्ना डे उभे केले त्यात."

हे मात्र खरं होतं, आणि मला ठाऊक होतं, त्यामुळे जास्तच जळफळाट झाला. चुकीचं बोलणारा माणूस सहन होतो. आपल्याला ठाऊक असलेलं आपल्याआधी बोलणारा होत नाही.

पार्किंगमध्ये बायको गाडीला टेकून उभी. पुढचा तास लागून गेला होता. ती तोंड उघडणार एवढ्यात काकांनी मेथी डाव्या हातात घेऊन नमस्कार केला. "वहिनी, यांना उशीर माझ्यामुळे झाला. बसची वेळ गेली माझीही."

बायको म्हणाली, "अहो मग आम्ही सोडतो ना!"

काका वडगावला राहतात. आम्ही पाषाणला. पुणं ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

गाडी रस्त्याला लागल्यावर मी हळूच मघाचंच संगीत लावलं. राहिलेली तीन मिनिटं निदान इथे ऐकू, म्हटलं. ऑर्गन सुरू झाला आणि मागच्या सीटवरून काका पुढे झुकले.

"ते जरा बंद करता का? बोलायला त्रास होतो."

बायकोने ताबडतोब बंद केलं. मग मान मागे वळवून विचारलं, "हां, तर त्या गोन्साल्विसांचं पुढे काय झालं?" ते अमेरिकेला गेले, आणि परतले ते मुंबईच्या सिनेमात नाहीच, हे काकांनी राजाराम पूल येईपर्यंत पुरवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही पावती नाचवली नाही.

काकांना उतरवून यू टर्न घेतला तेव्हा ती म्हणाली, "किती माहिती आहे रे त्यांना! आणि किती छान सांगतात. तू कधी संगीताबद्दल काही बोलतच नाहीस."