तुमच्या पोकर कंपूचा इतिहास असा लिहा

टिळकवाडीतल्या माडीवर तुमचा कंपू दर पावसाळ्यात एकास एक पोकरची स्पर्धा भरवत असेल, तर तिचा इतिहास लिहायला घ्याच. ज्याला इतिहास नाही त्याला बेळगावात कुणी खुर्ची देत नाही.

आधी स्थापनेचं साल काढा. कागदपत्रं शोधत बसू नका. अमेरिकेत टीव्हीवाल्यांनी समोरासमोरची राष्ट्रीय स्पर्धा 2005 साली सुरू केली, पहिल्या वर्षी फिल हेल्म्यूथ जिंकला. तुमची त्याआधीची निघायला हवी, एवढं बघा. पहिला विजेता कुणालाच आठवत नसेल तर मतदान घ्या. लास व्हेगासची वर्ल्ड सीरिज 1970 साली सुरू झाली, तेव्हा जॉनी मॉसला खेळाडूंनी मतं देऊनच विजेता केलं होतं. तेव्हा लाजायचं कारण नाही.

डावांच्या वर्णनात मात्र हात आखडता घेऊ नका. जिंकलेला डाव कौशल्याचा, हरलेला नशिबाचा, हे पक्कं धरून चला. ‘रिव्हरला, अगदी शेवटच्या पत्त्याला, त्याला दुर्री लागली बघ, मी काय करू की?’ हे प्रत्येक हरलेल्याच्या तोंडी घाला. कुणी हरकत घेणार नाही. हातात दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. आठवणीत ते दर फायनलला येतात आणि दर फायनलला मार खातात.

दोघांच्या खेळात डीलरचं बटण ज्याच्यापुढं, त्यानंच छोटा ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीची सक्तीची लहान बोली, भरायचा; फ्लॉपच्या, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडण्याच्या, आधी त्यानं पहिलं बोलायचं, नंतरच्या फेऱ्यांत शेवटी. निम्म्या कंपूला हे आजही पटलेलं नाही. त्यावरून जी वर्षं भांडणात गेली, त्या प्रकरणाला ‘सुवर्णकाळ’ असं नाव द्या.

एखाद्या फायनलला ऐन ऑल-इनच्या वेळी, पुढ्यातले सगळे चिंचोके पणाला लावलेले असताना, लाइट गेली असेल, आणि लाइट आल्यावर त्यांचे ढीग बदललेले दिसले असतील. निकाल लावू नका! साक्षी नोंदवा, समिती नेमा, अहवाल आला की तो फेटाळा. सीमाप्रश्नावर महाजन आयोग 1966 साली नेमला, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यापुढं तुमचा वाद अजून रांगतोय.

हो, चिंचोकेच लिहा. पोकर कौशल्याचा खेळ म्हणून खेळला तर परवाना लागत नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं 2013 साली म्हटलं. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद केलं. या दोन्हींतून चिंचोका सुखरूप निसटतो. एका चिंचोक्यामागं किती, असं विचारणारा वाचक घरातलाच असतो, त्याला प्रस्तावनेत गुंतवा. चोर्ला घाट उतरून गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर गेलेल्यांसाठी ‘अभ्यासदौरा’ असं वेगळं प्रकरण करा. परतीच्या पेट्रोलला पैसे कुणाकडून मागवले, ते तळटीपेत, बारीक टायपात.

राहता राहिला लेखक. जो कधी पहिल्या फेरीच्या पुढं गेला नाही त्याला हे काम देऊ नका, तो खरं लिहील. नेहमीच्या उपविजेत्याला द्या. लिहिता लिहिता तो दोन-तीन फायनली जिंकून टाकेल, आणि बक्षिसाचा कुंदा ज्यांनी त्या त्या वर्षी घरी नेऊन खाल्ला, ते आता पुरावा कुठून आणणार की?