मंजूदेवी हरली याचं दुःख नाही हो दादा

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचली तेव्हा निम्मी पटली. 'पंचायत' वेबसिरीजचा चौथा सीझन रटाळ झालाय असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं की राजारामपुरीत एसीत बसून गावच्या राजकारणाला नावं ठेवणं सोपं आहे, गावात निवडणूक अशीच असते, आणि दहा-दहा सेकंद पुढं ढकलत बघितलेल्या सिरीजवर कुणी लिहू नये.

ढकलत बघितलं हे खरं आहे, मीच लिहून बसले होते. शेवटचे तीन एपिसोड. चुकलंच. एसी मात्र नाही आमच्यात.

आता गावाचं. माझी मावशी करवीर तालुक्यातल्या एका गावची सरपंच होती. 2011 ला पंचायतीत बायकांना निम्म्या जागा झाल्या आणि पुढच्याच निवडणुकीत काकांनी तिचा फॉर्म भरला, म्हणजे तिला विचारलं का असं विचारू नका. चिन्ह कपबशी. निवडून आली, सरपंच झाली, आणि सरपंच कोण तर काका. शिक्का काकांच्या शर्टाच्या खिशात, मीटिंगला काका, आणि ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरी यायचा तेव्हा मावशी भाकरीचं पीठ लागलेला हात पदराला पुसून परातीशेजारी सही करायची. एका पानावर पिठाचा अंगठा उमटलेला मी स्वतः बघितलाय. त्यामुळं सिरीजमधल्या फुलेरा गावात प्रधान, म्हणजे सरपंच, मंजूदेवी आणि सगळं गाव 'प्रधानजी' म्हणतंय तिच्या नवऱ्याला, हे मला कुणी समजवायला लागत नाही.

आणि म्हणूनच तर तक्रार आहे ना! एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये पहिला सीझन आला तेव्हा त्यात काय होतं? सोलरचा दिवा कुणाच्या दारात लावायचा, पंचायतीच्या सचिवानं चाकाची खुर्ची आणली तर प्रधानजींना का टोचतं, असल्या गोष्टी. शेवटी राष्ट्रगीत पाठ करत बसलेली मंजूदेवी. एवढ्याशा खुर्चीत सगळं गाव दिसायचं, कोण कुणाच्या वर बसतं ते. जून 2025 च्या सीझनमध्ये निवडणूक मोठी झाली आणि गाव बारीक झालं. मंजूदेवीचं चिन्ह लौकी, म्हणजे दुधी, विरुद्ध क्रांतीदेवीचा कुकर, ह्यांनी एक डाव टाकायचा, त्यांनी उलटा टाकायचा, परत ह्यांनी, आठ एपिसोड तेच. गावात असंच असतं म्हणता, असतं की, आपल्याकडं तर सोसायटीच्या निवडणुकीला पण गुलाल उधळतात, पण प्रचाराच्या त्या आठवड्यात सुद्धा म्हशीची धार काढायची असते, पाण्याची पाळी आली की मध्यरात्री उठून पिकाला पाणी पाजायचं असतं, आणि विरोधी पॅनेलमधल्या चुलत्याच्या घरी लग्न असलं तर जेवायला पण जावं लागतं. मजा त्या पंगतीत असते, कोण कुणाला वाढतंय आणि कोण बघून न बघितल्यासारखं करतंय. ते मला दिसलं नाही.

एका गोष्टीत मात्र तुम्ही बरोबर. मंजूदेवीला हरवायला नको होतं असं मी लिहिलेलं, ते मागं घेते. तुमची कमेंट आल्यावर रविवारी मावशीकडं गेले आणि शेवटचा एपिसोड तिच्याबरोबर परत बघितला, अजिबात न ढकलता. 2017 ला सरपंच थेट जनतेतनं निवडायची पद्धत आली तेव्हा ती परत उभी राहिलेली आणि पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कुणीतरी फुटक्या कपबश्यांचा ढीग ओतून गेलं होतं. काका आठ दिवस बाहेर पडले नाहीत. मावशीनं तुकडे गोळा केले, त्यात एक बशी धड होती, ती धुऊन घरात घेतली.

निकाल लागला, क्रांतीदेवी जिंकली, तेव्हा मला वाटलं मावशी काहीतरी हळहळेल. ती म्हणाली, "आता झोप लागंल बाईला." आणि मग, "तिच्या नवऱ्याला पण दावा की, त्यो काय करतोय उद्यापास्नं." नेमकं तिथंच सीझन संपतो.

स्पॉयलरचं तुम्ही कंसात लिहिलंय, ते आज वरती मथळ्यातच टाकलंय, ठळक अक्षरात. आणि राजारामपुरी नाही हो, मी राहते उचगावात.