‘दहा मिनिटांपेक्षा जास्त काही जात नाही’ म्हणे!

प्रबंध जमा करायचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास वर येतो. त्याचा सारांश असा: कॉम्प्युटर अचानक बंद पडला आणि फाईल सेव्ह केलेली नव्हती, तरी घाबरू नका. वर्ड दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह करतं, त्यामुळे जास्तीत जास्त दहा मिनिटांचं काम जातं. फाईलला नाव दिलं नसेल तरी ती टेम्प (तात्पुरत्या फाईलींच्या) फोल्डरमध्ये सापडतेच. कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये तर बॅकअपची फाईल शेजारीच पडलेली असते. कुठेच नाही मिळाली तर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका. आणि लॅपटॉप असेल तर चिंताच नको, बॅटरी आहे. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोचवा’.

पोचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण यातली काही विधानं साफ चूक आहेत आणि बाकीची अर्धवट. त्यातही अर्धवट विधानं जास्त महागात पडतात, कारण त्यांच्या भरवशावर माणूस मिळण्यासारखी फाईलही घालवून बसतो.

आपण टाइप करतो ते आधी रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत असतं. वीज तुटली किंवा मशीन रीस्टार्ट झालं की रॅम रिकामी. म्हणून बंद पडल्यानंतर विचारण्यासारखा प्रश्न एकच: त्याआधी कोणत्या प्रोग्रामने, कधी आणि कुठे डिस्कवर काही लिहून ठेवलं होतं? कोणीच लिहिलं नसेल तर शोधायला काही उरलेलंच नसतं.

‘वर्ड दर दहा मिनिटांनी सेव्ह करतं.’ इथे दोन वेगळ्या सोयींची सरमिसळ झाली आहे. दहा मिनिटांची सोय म्हणजे ऑटोरिकव्हर. ती तुमची फाईल सेव्ह करत नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये एक तात्पुरती प्रत लिहिते, आणि तुम्ही काम नीट सेव्ह करून वर्ड बंद केलं की ती पुसून टाकते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातलं ऑटोसेव्हचं बटण निराळं. ते मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये फाईल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात) असेल तरच चालतं, आणि मग काही सेकंदांच्या अंतराने खरोखर सेव्ह करत राहतं. डी ड्राइव्हवरच्या प्रबंधाला त्याचा काही उपयोग नाही.

दहा हा आकडाही फक्त मूळ सेटिंगचा. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन तो १ ते १२० मिनिटांपर्यंत हवा तसा बदलता येतो. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर कोणी ऑटोरिकव्हरपुढची खूणच काढून ठेवली असेल, तर दहा मिनिटं सोडाच, सकाळपासूनचं सगळं जाईल. तुम्ही मात्र तिथे दोन किंवा तीन लिहा.

खरा घात पुढे होतो. वर्ड पुन्हा उघडल्यावर डावीकडे वाचवलेल्या प्रतींची पट्टी येते. घाईत माणूस ती बंद करतो. वर्ड विचारतं, या फाईली नंतर पाहायच्या आहेत की काढून टाकायच्या? बोट ‘काढून टाका’वर पडलं की विषय संपला. त्याऐवजी पट्टीतल्या प्रत्येक प्रतीची वेळ बघा, प्रत उघडा आणि सेव्ह ॲज करून नव्या नावाने ठेवा. मूळ फाईलवर लगेच काही चढवू नका. दोन्हीत काय कमी-जास्त आहे ते आधी बघून घ्या.

‘नाव दिलं नसेल तरी टेम्पमध्ये सापडते.’ ऑफिस २०१० पासून अशा फाईलींसाठी खास सोय आहे, आणि त्यासाठी टेम्प फोल्डर उपसावं लागत नाही. फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट आणि मग रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स. चुकून ‘डोन्ट सेव्ह’ दाबलं असेल तरी इथे आशा आहे. पण प्रत साधारण चारच दिवस राहते, आणि मुळात ती बनण्याइतका वेळ फाईल उघडी असावी लागते. पाच मिनिटांत टाइप करून पाच मिनिटांत बंद केलेलं पत्र इथे मिळणार नाही.

मजकुरात आणखी एक युक्ती आहे: तरंगरेषा आणि डॉलरच्या चिन्हाने (~$) सुरू होणारी फाईल शोधा आणि तिचं नाव बदला. ही फाईल म्हणजे फक्त ‘हे डॉक्युमेंट अमुक माणसाने उघडलंय’ अशी नोंद. सहसा १६२ बाइटची. नाव काहीही द्या, तिच्यातून प्रबंध निघायचा नाही.

‘कोरलमध्ये बॅकअप असतोच.’ लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांची सगळी भिस्त यावर. पण ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणाऱ्या फाईलमध्ये शेवटच्या सेव्हच्या आधीची आवृत्ती असते, म्हणजे तुमच्या हातात आहे त्याहून जुनी. न सेव्ह केलेलं काम ‘ऑटो बॅकअप ऑफ’ नावाच्या फाईलमध्ये असतं, आणि कोरल पुढच्या वेळी उघडताना ते परत हवंय का असं विचारतं. नको म्हणालात तर कोरल बंद होताना ती फाईलही जाते.

इतर प्रोग्रामांचे हिशेब आणखी वेगळे. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामात व्हाउचर (व्यवहाराची नोंद) स्वीकारलं की ते त्याच वेळी लिहिलं जातं, त्यामुळे जातं ते फक्त पडद्यावरचं अर्धं व्हाउचर. नोटपॅड प्लस प्लस हा साधा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम दर सात सेकंदांनी प्रत ठेवतो. फोटोशॉपने ही सोय २०१२ च्या सीएस६ मध्ये आणली, तीही दहा मिनिटांची.

‘रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. ही सॉफ्टवेअरं डिस्कवरून *पुसलेलं* शोधतात. डिस्कवर कधी उतरलंच नाही ते त्यांना कुठून दिसणार? रॅममधलं काही क्षण टिकतं हे खरं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये चिप गार करून ते दाखवलंही होतं. पण ती प्रयोगशाळेतली करामत, डाउनलोड करण्याची वस्तू नव्हे.

एका प्रसंगी मात्र ही सॉफ्टवेअरं कामाची: वर उल्लेखलेली तात्पुरती प्रत बनली होती, पण ‘काढून टाका’ दाबलं गेलं. अशा वेळी जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर ती सापडू शकते. आणि नेमकं तेव्हाच लोक सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर टाकतात, म्हणजे ज्या जागेत ती प्रत पडलेली असू शकते तिथेच नवं लिहितात. मशीन वापरणं थांबवा, सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवा किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क असेल तर फार आशा धरू नका. ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करते.

‘लॅपटॉप असेल तर चिंता नको.’ बॅटरी वीज गेल्यावर उपयोगी पडते. विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा, हँग झालेला प्रोग्राम किंवा रात्री अपडेटसाठी झालेला रीस्टार्ट यांवर तिचा इलाज नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोजची यंत्रं आडवी झाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. कारण वीज नव्हतं. अपडेटचा रीस्टार्ट कामाच्या वेळेत येऊ नये म्हणून सेटिंगमध्ये ॲक्टिव्ह अवर्स ठरवता येतात, पण रात्रभर उघड्या ठेवलेल्या फाईलला त्याचा आधार नाही. आणि लॅपटॉप स्लीपमध्ये असताना काम रॅममध्येच असतं, बॅटरी पूर्ण उतरली तर जाऊ शकतं. झाकण मिटून प्रवासाला निघायचं असेल तर हायबरनेट करा, त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं. कंट्रोल एस दाबून (म्हणजे फाईल सेव्ह करून) निघालात तर तेवढंही करावं लागणार नाही.