इस्त्रीचा डमी लोड: हा मेसेज पुढे पाठवू नका

"गिटार अ‍ॅम्प घरीच तपासा, स्पीकरची गरज नाही" असा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत फिरतोय. आता तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने मला विचारलं, "मामा, हाई करी दखू का?" त्याच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी. मेसेज सांगतो, स्पीकरच्या वायरीला टू-पिन प्लग बसवा, तो एक्स्टेंशन बोर्डात घाला आणि त्याच बोर्डात इस्त्री किंवा शंभरचा बल्ब लावा. झाला डमी लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी जोडायचा रेझिस्टन्स! अरे, पण त्या बोर्डाची स्वतःची वायर कुठे जाणार? ती खाली मोकळी पडलेली असते. घरातलं कुणी, नाहीतर मांडवातला एखादा पोऱ्या, बोर्ड बंद दिसला म्हणून ती भिंतीत खोचतो आणि २३० व्होल्ट थेट अ‍ॅम्पच्या आउटपुटमध्ये. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या जॅकची एक बाजू सहसा चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. फेज त्या बाजूला आला आणि अर्थिंग धड नसलं, तर चॅसी जिवंत. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून त्याच चॅसीला जोडलेल्या. म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटाखाली फेज! टू-पिन प्लग फक्त भिंतीसाठी असतो, स्पीकरच्या वायरीवर तो कधीही नको.

एवढं करून लोड तरी मिळतो का? १००० वॉटची इस्त्री साधारण ५३ ओमची. शंभरचा बल्ब थंड असताना चाळीसेक ओम, पूर्ण पेटल्यावर ५२९. अ‍ॅम्पला हवेत ८.

दुसरा मुद्दा: "लोड नसला तरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला काही होत नाही." साफ खोटं. १९६०च्या दशकातल्या फेंडर डीलक्स रिव्हर्बचा सर्किट डायग्राम काढून बघा. स्पीकरची पिन उपसली की जॅक आउटपुट आपोआप शॉर्ट करतो. बनवणाऱ्यांनीच ठरवलं, की व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला उघड्यापेक्षा शॉर्ट बरा. कारण लोड नसताना सिग्नल गेला, की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर व्होल्टेज बेफाम चढतं आणि जिथे वाट मिळेल तिथे ठिणगी पडते. ६एल६ किंवा ईएल३४ या व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ३ नंबरच्या पिनेपासून २ नंबरपर्यंत जळकी काळी रेघ दिसली, तर समजा हेच झालंय. ती रेघ म्हणजे कोळसाच, पुढच्या वेळी करंट तिच्यावरूनच धावतो. वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटलं तर ट्रान्सफॉर्मरच गेला. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला उघडं आउटपुट बहुधा चालतं, हे खरं. त्याचा काळ म्हणजे शॉर्ट. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच मापाने मोजलेत.

"व्हॉल्यूम शून्यावर ठेवा" म्हणे. मग तपासणार काय?

"८ ओमचा कुठलाही रेझिस्टर चालतो" हेही चूक. अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातला ५० वॉटचा रेझिस्टर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) घट्ट कसला तरच ५० वॉट झेलतो. डेल कंपनीच्या आरएच-५० या अशाच रेझिस्टरचा आकडा मोकळ्या हवेत फक्त २० वॉट आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो: शेगडीच्या कॉइलचा लोड होतो. तिची निक्रोमची तार तापली तरी ओम फारसे बदलत नाहीत. २००० वॉटची कॉइल साडेसव्वीस ओमची, तिचा साधारण तीस टक्के तुकडा म्हणजे ८ ओम. १०० वॉटला त्यातून साडेतीन अँपिअर जातात, ते तिला जड नाहीत. पण ती चिनी मातीच्या तबकडीवरच हवी. वायर सोल्डर करू नका, निक्रोमवर सोल्डर धरत नाही, नट-बोल्टनेच कसा.

भाच्याला मी ८ ओम, ५० वॉटचे चार रेझिस्टर घ्यायला सांगितलंय. दोन-दोन सिरीजमध्ये, मग दोन्ही जोड्या पॅरलल, जाड हीटसिंकवर. परत ८ ओमच, क्षमता २०० वॉट. टोकाला गिटार अ‍ॅम्पचाच जॅक, आणि अ‍ॅम्प चालू करण्याआधी मीटर लावून ८ दिसतात का ते बघायचं.